तेल कुठलं टाकायचं, एवढंच विचारलं होतं

यापुढे कुणी मला माझ्या डिझेल लक्झरी गाडीच्या इंजिनात "५डब्ल्यू-३० टाका, विषय संपला" असं सांगितलं, तर मी काय करेन ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोकं शांत ठेवून लिहायचं ठरवलंय खरं, पण जमेल असं वाटत नाही.

अहो, विषय संपत नाही, तिथून तर तो सुरू होतो! ५डब्ल्यू-३० हा आकडा तेल किती पातळ आणि किती दाट एवढंच सांगतो. पुढचा ५ कडाक्याच्या थंडीतला. उणे ३० अंशांना इंजिन फिरवताना तेलाने किती अडवावं, त्याची मर्यादा. मागचा ३० गरम इंजिनमधला. १०० अंशांना दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान. झालं, आकड्याचं काम संपलं. ते तेल जळल्यावर राख किती पडणार, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या शाफ्टवर ते तग धरणार का, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी ते कधी तपासून तरी पाहिलंय का, याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. एकाच आकड्याच्या दोन तेलांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पण गॅरेजवाल्यापासून भावकीतल्या गाडीतज्ज्ञापर्यंत जो तो तोच आकडा तोंडावर फेकतो आणि आपल्याकडे अशा नजरेने बघतो, की एवढं साधं कळत नाही आणि म्हणे लक्झरी गाडी घेतली.

आता राखेचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच आहे.

आजच्या कुठल्याही महागड्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. तो काजळीने भरत आला की इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. काजळी म्हणजे कार्बन, तो जळून जातो. पण इंजिनमध्ये थोडं थोडं तेलही जळतच असतं, आणि त्या तेलात कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेली ॲडिटिव्ह, म्हणजे मुद्दाम मिसळलेली रसायनं, असतात. त्यांची राख जळत नाही. कितीही तापवा. ती फिल्टरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसते ती बसतेच, आणि दर वर्षी काजळीसाठी उरलेली जागा कमी कमी होत जाते. शेवटी फिल्टर काढून साफ करा, नाहीतर नवा टाका. तो खर्च काय असतो ते ज्याच्यावर आलाय त्याला विचारा.

म्हणून युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेने, एसीईएने, २००४ पासून अशा गाड्यांसाठी वेगळा सी वर्ग केला. त्यातल्या सी३ तेलात सल्फेटेड राख, म्हणजे तेल जाळून मोजलेली राख, जास्तीत जास्त ०.८ टक्के. ए३/बी४ या वर्गात हीच राख १.० ते १.६ टक्के, म्हणजे दुपटीपर्यंत. आणि या दोन्ही वर्गांत ५डब्ल्यू-३० मिळतं! दोन्ही डब्यांवर तोच आकडा, तितकाच मोठा, तितकाच चकचकीत. ए३/बी४ वाईट तेल आहे असंही नाही. फिल्टर नसलेल्या गाडीला ते उत्तमच. तेल बनावट असतं तर निदान शिव्या घालायला कुणीतरी सापडलं असतं. इथे अस्सल, महाग, नावाजलेलं तेल टाकून तुम्ही आपल्याच हाताने फिल्टरची वाट लावता, आणि डब्यावर समोर कुठेही लिहिलेलं नसतं की बाबा रे, हे तुझ्यासाठी नाही.

समोर काय असतं? रेसची गाडी. ठिणग्या. सोनेरी थेंब. "फुल्ली सिंथेटिक", "ॲडव्हान्स्ड", "मॅक्स", "अल्टिमेट". सिंथेटिकचंही काय घेऊन बसलात! १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारींवर एक निवाडा झाला आणि कच्च्या तेलावरच जोरदार प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ तेलालाही सिंथेटिक म्हणायची मुभा मिळाली. जर्मनीत पूर्ण सिंथेटिक म्हणायचं तर आतलं मूळ तेलही ग्रुप ३ चं नाही, खरोखर रासायनिक पद्धतीने घडवलेलं लागतं. म्हणजे तोच शब्द एका देशात एक सांगतो, दुसऱ्या देशात दुसरंच, आणि डीपीएफच्या राखेबद्दल दोन्हीकडे काहीच सांगत नाही.

खरी माहिती डब्याच्या पाठीमागे. पण ती वाचायची कशी? मोबाइलचा टॉर्च लावा, चष्मा कपाळावर चढवा, डबा तिरका धरा. चार-सहा भाषांत तोच मजकूर, बॅच नंबरचा शिक्का बरोबर हव्या त्या ओळीवर मारलेला, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तीन याद्या. पहिली "अप्रूव्हल्स", त्यात दोन नावं. दुसरी "गरजा पूर्ण करते", त्यात ढीगभर. तिसरी "या गाड्यांसाठी शिफारस", त्यात सगळं जग. माणूस तिसऱ्या यादीत आपल्या गाडीचा कोड बघतो आणि खूश होऊन पैसे मोजतो.

पहिल्या यादीतलं तेल गाडीच्या कंपनीने स्वतःच्या निकषांवर तपासून लेखी मंजूर केलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत तेलवाला स्वतःच स्वतःची पाठ थोपटत असतो. त्याचं तेल चांगलं असेलही, मंजुरीची फी आणि कटकट नको म्हणून तो गेला नसेलही. पण मला कसं कळणार? मी काय घरी प्रयोगशाळा टाकू? मर्सिडीज-बेंझ आपल्या मंजूर तेलांची यादी नावानिशी सगळ्यांसाठी खुली ठेवते. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क. इतकं साधं काम सगळ्यांना का झेपू नये?

बरं, कोड तरी सरळ असावेत की नाही? बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०४. मर्सिडीजचं एमबी २२९.५१ आणि २२९.५२. ऑडी-फोक्सवॅगनच्या डिझेलचं ५०७ ००. पोर्शचं सी३०. जॅग्वार-लँड रोव्हरचं तर एसटीजेएलआर.०३.५००५, आणि पुढच्या इंजिनांसाठी ५००७. हे तेलाचे कोड आहेत की तिजोरीचे? आणि नवा कोड आला म्हणजे तो जुन्यापेक्षा भारी, असंही नाही. २२९.५१ मागणाऱ्या इंजिनात २२९.५२ बिनधास्त चालतं. पण म्हणून ५०७ ०० मागणाऱ्या इंजिनात नवं कोरं ५०९ ०० ओतलंत तर गेलात. ते ०डब्ल्यू-२०, मुद्दाम पातळ केलेलं, इंधन वाचवण्यासाठी, आणि त्याच्यासाठीच बनवलेल्या इंजिनांपुरतं. १५० अंशांना, जबर घासाघाशीत तेलाचा थर किती जाड राहतो त्याचं एक माप असतं, एचटीएचएस म्हणतात त्याला. ५०७ ०० ला ते किमान ३.५ लागतं, ५०९ ०० मध्ये ते २.६ च्या वर असलं की पास. बेअरिंगला हा फरक समजतो. काउंटरमागच्या माणसाला समजत नाही. तो म्हणतो, "लेटेस्ट आहे, हेच घ्या."

आणखी एक जमात आहे. डिझेल गाडी म्हटली की "डिझेल ऑइल" असं ठसठशीत छापलेला डबा काढणारे. त्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेचा सीआय-४ किंवा सीके-४ दर्जा लिहिलेला असतो. अहो, ते ट्रकचं! अवजड इंजिनांचं! तेही चांगलंच तेल आहे, पण माझ्या गाडीने ट्रक ओढायचा नाहीये.

मग म्हटलं, मॅन्युअल वाचू. पाचशे पानं. सीटचा मसाज कसा चालू करायचा यावर दोन पानं, तेलावर अर्धं पान, आणि त्यातही "काही बाजारपेठांमध्ये", "इंधनाच्या दर्जानुसार", "उपलब्ध नसल्यास" अशी शेपटं. त्यांचीही एक बाजू आहे म्हणा. कमी राखेच्या तेलात आम्ल मारायची ताकदही कमी असते. टीबीएन हे त्या ताकदीचं माप. सी३ मध्ये ते किमान ६, ए३/बी४ मध्ये किमान १०. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर ही ताकद लवकर संपते आणि तेल लवकर बदलावं लागतं. हे इतकं सरळ लिहिता येतं, मी आत्ताच लिहिलं. पण नाही. मॅन्युअल सांगतं, अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर काय सांगतं?

"सर, कंपनीचंच ऑइल असतं."
"कंपनीचं म्हणजे कुठलं?"
"ओरिजिनल, सर."
"त्यावर अप्रूव्हल कुठलं आहे? डबा दाखवता का?"
"डबा नसतो सर, बॅरल असतो."
"मग बॅरलचं लेबल दाखवा."
"तिकडे कस्टमरला अलाउड नाही."

म्हणजे गाडी माझी, पैसे माझे, इंजिन बसलं तर फटका मला, आणि त्यात काय ओतलं ते बघायची परवानगी नाही! बिलावर काय, तर "इंजिन ऑइल सिंथेटिक, ६.५ लिटर". ना नाव, ना कोड. आणि उद्या डीपीएफचा दिवा लागला, की हेच महाशय वर तोंड करून विचारणार, "सर, मध्ये बाहेरून तेल टाकलं होतं का?" चोराच्या उलट्या बोंबा! त्या दिवशी मात्र यांना तेलाचा कोड महत्त्वाचा वाटतो. वॉरंटी नाकारायची वेळ आली की सगळ्यांची स्मरणशक्ती अचानक तल्लख होते.

त्यात डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून टाकलीय. हे ज्याने सुचवलं त्याला शोधून विचारायचंय, का रे बाबा? छोट्या छोट्या फेऱ्या झाल्या की फिल्टरची साफसफाई अर्धवट राहते. त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि पातळी वर चढते. डिपस्टिक असली तर काढून बघता येतं, हुंगता येतं, बोटावर घासता येतं. आता स्क्रीनवर एक हिरवी पट्टी, ती म्हणते सगळं ठीक. किती तेल आहे ते सांगेल, कसं आहे ते नाही. केबिनमधल्या दिव्यांचे रंग डझनभर, पण पाव मीटर पत्र्याची पट्टी द्यायला जड जातं! आणि एवढी मोठी स्क्रीन आहे तर त्यावर एक ओळ टाकायला काय होतं, या इंजिनला अमुक कोड, अमुक लिटर? काही गाड्यांच्या तेलाच्या झाकणावर छापलेलं असतं म्हणा. काय छापलेलं असतं? ५डब्ल्यू-३०.

फुकटच्या सल्ल्यांवर फार लिहीत नाही. "थोडं दाट टाक, आवाज कमी होतो." "तेल काळं झालं, बदल." अरे, डिझेलचं तेल थोडंसं चालवताच काळं पडतं, ते काजळी पोटात घेतंय म्हणून, त्याचं कामच ते आहे. "वरून ॲडिटिव्हची बाटली ओत, इंजिन मऊ होतं." ज्या तेलात राखेचा हिशोब दशांशात केलाय, त्यात हा गृहस्थ अंदाजे बाटली ओततोय.

या वेळी सर्व्हिसला गाडी देताना मी लेखी दिलं. अप्रूव्हलचा कोड बिलावर हवा, किंवा सीलबंद डबे माझ्यासमोर उघडा आणि रिकामे डिकीत ठेवा. सर्व्हिस ॲडव्हायझरने कागद दोनदा वाचला, आत गेला, मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, सिस्टीममध्ये तसा कॉलमच नाही."

टायर चकाकवल्याचा कॉलम आहे. केबिनमध्ये सुगंधी फवारा मारल्याचा कॉलम आहे, त्याचे वेगळे पैसे लावलेत, आणि तो मी मागितलाही नव्हता.