पाच वाजता मरणारा रिमोट

आमच्या दहिसरच्या घरात डीटीएचचा रिमोट रुसला की सगळे एकदम वैद्य होतात. आप्पा ठोकपंथी. रिमोट तळहातावर आपटायचा, झाकण उघडून सेल अंगठ्याने जागच्या जागी फिरवायचे आणि बॉक्सवर नेम धरायचा. आईचा हुकूम एकच, कव्हर काढायचं नाही. रबरबँड लावलेलं ते प्लास्टिक आमच्याकडे रिमोटपेक्षा जास्त जपलं जातं. आत बटणांवरचे आकडे कोरेकरकरीत, वरचं प्लास्टिक हळदीच्या बोटांनी पिवळं. नवे सेल नसले की भिंतीवरच्या घड्याळावर धाड पडते. घड्याळाचा सेल जाडा आणि रिमोटचे बारीक, हे दर वेळी घड्याळ खाली उतरवल्यावरच आठवतं.

या खेपेचं दुखणं मात्र चमत्कारिक होतं. रिमोट सकाळी ठणठणीत, दुपारी ठणठणीत. संध्याकाळी पाचला, आईच्या मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागतो नेमक्या त्या वेळी, मेलेला. दिवेलागणीला पुन्हा जिवंत.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, बॉक्स बंद करून अर्ध्या तासाने चालू करा." तेवढ्यात काळोख पडला, रिमोट चालला आणि तिने तक्रार मिटवून टाकली. मग माणूस आला. सकाळी अकराला. चॅनल खालीवर करून म्हणाला, "चालतंय की, काका," आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. आईने त्याला संध्याकाळपर्यंत जेवायला थांबवायची तयारी केली होती.

शेवटी लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने माझा रिमोट हातातही न घेता नुसत्या नजरेने ओळखला आणि मागच्या गोणीतून त्याचा जुळा भाऊ काढून दिला. हा जुळाही पाचला मेला. इतकी भावंडं एकाच मुहूर्तावर जातात म्हणजे घराण्यातच दोष, असं आप्पांनी जाहीर केलं.

कोडं सुटलं ते मुलामुळे. त्याने रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. रिमोटच्या टोकाचा दिवा अवरक्त प्रकाशाचा, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. मागचा कॅमेरा बऱ्याच फोनांत तो प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढचा. स्क्रीनवर जांभळा ठिपका लखलखला. तेही बरोब्बर पाच वाजता! म्हणजे रिमोट बिचारा ओरडत होता, बॉक्सला ऐकू येत नव्हतं. आमची हॉलची खिडकी पश्चिमेची. थंडीत मावळतीचं तिरपं ऊन थेट बॉक्सच्या डोळ्यावर येतं, आणि उन्हातही तोच अवरक्त प्रकाश, पण बदाबदा. त्यात रिमोटची सेकंदाला 38 हजारांच्या आसपासची लुकलुक कुठे उठून दिसणार?

"सूर्याने टीव्ही बिघडतो होय?" आप्पा हसले. म्हणून त्यांना 1955 सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत झेनिथ कंपनीने टॉर्चसारखा रिमोट काढला होता, फ्लॅश-मॅटिक. पडद्याच्या कोपऱ्यांवर उजेड मारायचा. पण ऊन पडलं तरी चॅनल आपोआप बदलायचे. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट आणला, आत बटण दाबलं की ठोका बसणाऱ्या नुसत्या धातूच्या दांड्या, सेलच नाही. ऊन आप्पांना पटलं नाही, पण बिनसेलचा रिमोट ऐकून ते कळवळले. "मग बंद का केला मेल्यांनी?"

बॉक्स हलवावा तर गच्चीवरून आलेली तार मोजून मापून. पडदा ओढावा तर आईला वारा लागत नाही. लग्नपत्रिका दुमडून बॉक्सला टोपी केली, तर घडी नेमकी गणपतीच्या सोंडेवर आली आणि आईने ती तत्काळ देव्हाऱ्यात नेली. शेवटी खिडकीच्या ग्रिलवर चादर वाळत घातली. रिमोट चालू! मालिका चालू!

आता रोज पाचला चादर असते. परवा बायकोने हात लावून पाहिलं, वाळली म्हणून काढून घडी घातली. लगेच चॅनल अडकला आणि हॉलमधून आई ओरडली, "अगं, ती परत भिजव आणि टाक बघू!"