त्या मारामाऱ्यांना हसू नका

यंदा चवथीला आरती-भजन आटोपल्यावर मी टीव्हीवर नव्वदच्या दशकातला एक कराटेपट लावला. पाच मिनिटांत पोरं हसायला लागली. संवाद भिकार, कथा तीच, भावाच्या खुनाचा बदला. शेवटची मारामारी पुन्हा एका गोदामात. सगळं कबूल. पण ती मारामारीलाही हसली, तेव्हा मला राहवेना.

गोव्यात, डिचोलीत आमच्या लहानपणी चवथीला व्हीसीआर भाड्याने यायचा, चार-पाच कॅसेटींसकट. आतल्या खोलीत फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली गणपती, बाहेर जमिनीवर आम्ही वीसेक जण. पडद्यावर पट्टे आले की कोणीतरी उठून ट्रॅकिंग जुळवायचं. सिंथिया रॉथरॉक मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. ती पुढे वाकते, पाय पाठीमागून उसळतो आणि तिच्याच डोक्यावरून समोरच्याच्या तोंडावर बसतो. आजी जपमाळ थांबवून म्हणाली, "हिचो पांय खंयच्यान आयलो गे?" कॅसेट मागे घेऊन तिला तीनदा दाखवली.

ही बाई १९८१ ते १९८५ कराटेच्या फॉर्म्स प्रकारात, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवण्यात, जगज्जेती होती. सिनेमासाठी दोन महिने शिकून आलेली नव्हे. डॉन विल्सन तसाच, किकबॉक्सिंगचा जगज्जेता. कमी खर्चात सिनेमे काढणारे निर्माते रॉजर कॉर्मन यांनी त्याला घेऊन १९८९ मध्ये 'ब्लडफिस्ट' काढला, तोही मनिलात, कारण तिथे चित्रीकरण स्वस्त पडायचं. नटाला लढायला शिकवायला ना पैसा ना वेळ, म्हणून लढवय्यालाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. अभिनय कच्चा राहिला, पण लाथ खरी आली. आणि लाथ खरी असली की कॅमेरा लांब ठेवता येतो. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, तोल कुठे गेला, कुठे सावरला, ते कळतं. आज कोट्यवधींच्या सिनेमात एका ठोशाचे चार तुकडे केलेले असतात. कोणी कोणाला मारलं हे शेवटी आवाजावरून ओळखायचं. मला त्यात काही मिळत नाही.

आपण पेडण्यात दशावतार बघतो तेव्हा काय बघतो? युद्ध सुरू झालं, पखवाज चढला की दोन माणसं आपल्यासमोर गरगर फिरतात. मागे एक पडदा, एक बाक. तिथे कोणी हसत नाही, कारण त्या देहाची मेहनत डोळ्यांना दिसते. मग इथे का हसायचं?

बायकांना या सिनेमांत बहुतेकदा वाईट वागवलंय, तेवढं मी झाकणार नाही.

पण माझा जीव अडकतो तो मार खाणाऱ्यात. लाथ कितीही सुंदर असू दे, समोरचा नीट पडला नाही तर ती फुकट. तो जिन्यावरून गडगडतो, टेबलासकट मोडतो, पुढच्या प्रसंगात दुसरा शर्ट घालून पुन्हा मार खायला येतो. संगणकाने त्याच्या जागी कोणी घातलेला नाही. त्याचं नाव शेवटी बारीक अक्षरांत सरकत जातं, आणि तोवर आपण टीव्ही बंद केलेला असतो.

त्या रात्री मी पोरांना एवढंच सांगितलं: हिरोकडे बघू नका, पडणाऱ्याकडे बघा. भाची कराटे शिकते, पिवळा पट्टा आहे. ती पुढे सरकून बसली. एक माणूस कठड्यावरून मागच्या मागे खाली गेला, तशी ती म्हणाली, "मामा, मागे घे. त्याने हात कुठे टेकला ते बघायचंय."