कान आळशी होत नसतात

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय, भावकीच्या, गल्लीतल्या मंडळाच्या आणि शाळेच्या बॅचच्या, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मेसेज असा की गोंगाटात समोरच्याचं बोलणं कळत नसेल तर तुमचे कान आळशी झालेत, रोज 20 मिनिटं मिक्सर चालू ठेवून त्यात रेडिओवरच्या बातम्या ऐका, 21 दिवसांत कान तयार होतो, ऐकायची मशीन लावलात तर कान कायमचे बाद होतात, आणि गाणं शिकलेल्यांना हा त्रास कधीच होत नाही. आमचे बाबा बेळगावात वडगावला यंत्रमागावर 30 वर्षं होते, आणि हाच मेसेज वाचून त्यांनी कान तपासायला यायचं सहा महिने टाळलं, त्यामुळे हे परत दिसलं की मला गप्प राहवत नाही.

आधी ते आळशीपण बघू. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया म्हणतात त्याला, त्यात एका कानाला साधारण 15 हजार केसपेशी, जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. कोंबडीच्या कानात त्या परत उगवतात, माणसाच्या नाही. वयाने आणि मोठ्या आवाजाने आधी जातात त्या उंच, बारीक आवाज पकडणाऱ्या, आणि आपल्या भाषेतल्या स, श, फ, ख यांची धार नेमकी त्या उंच आवाजातच असते, स्वर मात्र खालच्या जाड आवाजात असतात ते शाबूत राहतात. म्हणून रविवार पेठेत दुकानदार 'साठ' म्हणाला की बाबांना 'आठ' ऐकू यायचं. ते सारखं म्हणायचे, "ऐकू यालंय रे, पण काय म्हणालाय तेच कळंना झालंय." याला आळस म्हणायचं? माणूस बिचारा दिवसभर अंदाज बांधून बांधून दमून जातो, संध्याकाळी डोकं दुखतं त्याचं, आणि वर आपणच त्याला लक्ष देत नाहीस म्हणून बोलतो.

आता मिक्सरचं. गोंगाटात बसून कान तयार होत असते तर मागावरच्या माणसांचे कान अख्ख्या बेळगावात सगळ्यात चांगले असायला हवे होते. शेडमध्ये दहा-बारा माग एकदम चालू असले की शेजारच्याशी बोलायचं ते ओठ बघून नाहीतर हाताच्या खुणेनं, उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्यांना विचारा, तेही हेच सांगतील. हिशोब असा की 85 डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) 8 तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 100 ला जेमतेम 15 मिनिटं. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांनी हा हिशोब एकदा करून बघावा, हे मी मंडळाच्या ग्रुपवर पण लिहिलंय.

मग ट्रेनिंग सगळं खोटंच का, तर नाही, आणि हे मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. गोंगाटातलं बोलणं वेगळं काढणं हे कानाइतकंच मेंदूचं काम आहे, आणि मेंदूला सराव देता येतो. त्यासाठी कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम आहेत, त्यावर अभ्यासही झालेत. 2013 मध्ये असे 13 अभ्यास एकत्र तपासले तर दिसलं की माणसं ज्या व्यायामाचा सराव करतात त्यात नक्की सुधारतात, पण रोजच्या बोलण्यात त्याचा फायदा थोडा आणि बेभरवशाचा. 2016 मध्ये अमेरिकेत 279 माजी सैनिकांवर बघितलं, मशीनच्या जोडीला असा प्रोग्रॅम दिला तर नुसत्या मशीनपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. 2017 मध्ये एका खास आवाजाच्या गेमनं 8 आठवड्यांत गोंगाटातले शब्द जास्त कळायला लागले खरे, पण खेळ बंद केल्यावर फायदाही गेला, तालीम सोडली की अंग उतरतं तसंच. त्या 21 दिवसांना कुठलाच आधार नाही.

गाण्याबद्दल, काही अभ्यासांत गाणारे-वाजवणारे पुढे दिसले, नंतरच्या काहींत फरकच दिसला नाही. कधीच त्रास होत नाही हे तर साफ चूक.

मेसेजमध्ये भाषेबद्दल मात्र एक अक्षर नाही, आणि आपल्याकडे तर तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. शब्दाचा अर्धा भाग आवाजात बुडाला की मेंदू तो सवयीनं भरून काढतो, आणि ही सवय आईच्या भाषेत पक्की असते, मागाहून शिकलेल्या भाषेत तेवढी नसते. 1997 मध्ये अमेरिकेत स्पॅनिश घरातल्या लोकांवर अभ्यास झाला, लहानपणी इंग्रजी शिकलेल्यांना जेवढ्या गोंगाटात वाक्य कळत होतं तेवढ्यात वयाच्या 14 वर्षांनंतर शिकलेल्यांना कळत नव्हतं. आता आमची खानापूरची मावशी घ्या, शेजारणीशी ओट्यावर बसून कन्नडात व्यवस्थित बोलते, पण भरलेल्या बसमध्ये कंडक्टर "मुंद होगरी" (पुढे चला) सोडून दुसरं काही बोलला, समजा गाडी आज पुढच्या स्टॉपवर थांबणार नाही असं, तर तिला कळत नाही, मग तो चिडतो, ही वाईट वाटून घेते, आणि बाकीच्यांना वाटतं म्हातारीला ऐकू येत नाही नाहीतर ती मुद्दाम करते. दोघांचीही चूक नसते हो. तिला सरावच द्यायचा तर आधी शांत जागी जास्त कन्नड कानावर पडू दे, मिक्सरचा काय संबंध?

मशीननं कान बाद होतात हे सगळ्यात घातक वाक्य. तपासून, नीट बसवलेली मशीन कान बिघडवत नाही. बाबांची पहिली मशीन एका दुकानातून न तपासता घेतलेली, सगळे आवाज सरसकट मोठे करायची, भांडं पडलं तरी दचकायचे, ती महिन्यात ड्रॉवरमध्ये गेली. नंतर सिव्हिलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवलं, आधी मळ काढला (खूप जणांचं तेवढंच असतं, घरी तेल ओतू नका), मग ऑडिओमेट्री, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो ते मोजायची तपासणी, केली, त्या रिपोर्टप्रमाणे दोन्ही कानांना मशीन बसवली. गोंगाट त्यानं पूर्ण जात नाही, सवय व्हायलाही काही आठवडे लागले. तपासणीत शांत खोलीतला रिपोर्ट चांगला आला तरी गोंगाटात कळत नाही हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याची वेगळी टेस्ट असते.

आणि घरच्यांनी करायचं ते फुकट आहे. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलनं वाढतो. तोंड दिसलं की गोंगाटात शब्द जास्त कळतात हे 1954 मध्येच मोजून दाखवलंय, म्हणजे आमचे मागवाले बरोबरच करत होते. तेच वाक्य ओरडून परत म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा, आणि कशाबद्दल बोलताय ते आधी सांगा. आमच्या आईनं आता स्वयंपाकघरातून हाक मारायचं सोडलंय. कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करते, बाहेर येते, बाबांच्या खांद्याला हात लावते, त्यांनी वर बघितलं की मग म्हणते, "जेवायला या."