‘तक्रार कराल तर आधी तुम्हीच आत जाल’ हे खोटं आहे

सुदामानगरच्या मावशीने परवा एक मेसेज पाठवला. इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर तो आधीच फिरून झाला होता. त्यात म्हटलंय : २०१८ पासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षं कैद आहे, म्हणून तक्रार कराल तर आधी तुम्हीच आत जाल. लोकायुक्तवाले (म्हणजे लाचखोरीचा तपास करणारे) आणि बाबू एकाच ताटात जेवतात. कोर्टात तक्रारदार फिरला की सगळे सुटतात. तेव्हा मुकाट्याने देऊन मोकळे व्हा. खाली मावशीने लिहिलं होतं, ‘बघ, मी पैसे दिले तेच बरं केलं.’

मला या मेसेजचा राग येतो, कारण त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे आणि त्याच्याच आधाराने पुढचं सगळं खपतं.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती २६ जुलै २०१८ पासून लागू झाली. कलम ८ प्रमाणे लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लाच देणाऱ्याच्या जबाबाला संरक्षण देणारं जुनं कलम २४ तेव्हाच काढून टाकलं गेलं. पण त्याच कलम ८ मध्ये पुढे लिहिलंय की ज्याला लाच देणं भाग पाडलं, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हेगार नाही. आणि जो आधी कळवून, बाबूला पकडून देण्यासाठी पैसे देतो, त्यालाही हे कलम लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हाच भाग गाळला. मावशीचे सात दिवस कधीच उलटले, हे मात्र खरं. म्हणूनच पैसे देण्याआधी जायचं.

आधी गेल्यावर काय होतं ते मी माझ्या मेहुण्याच्या बाबतीत पाहिलं. सांवेरकडच्या शेताच्या नामांतरणासाठी, म्हणजे सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलून घेण्यासाठी, एक बाबू १५ हजार मागत होता. मेहुणा लोकायुक्तच्या ऑफिसात गेला. त्यांनी आधी रेकॉर्डर देऊन मागणी पडताळली. मग त्याने नेलेल्या नोटांचे नंबर लिहून घेतले, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पावडर लावली. पंच म्हणून दुसऱ्या खात्यांतले दोन सरकारी नोकर होते. बाबूने पैसे खिशात टाकले, आणि पाचच मिनिटांत त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली. पाणी गुलाबी झालं, म्हणजे नोटांवरची पावडर बोटांना लागली होती. ते बाटलीत भरून सील करताना, मेहुणा सांगतो, खोलीत कुणी बोलत नव्हतं. तीन वर्षं झाली. त्याची कोर्टात साक्ष झाली. त्याच्यावर कसलाही गुन्हा नोंदला गेला नाही.

एकाच ताटात जेवतात? तपास करणारे पोलीस सरकारच्याच पोलीस दलातून येतात, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्यावर देखरेख लोकायुक्तांची, आणि लोकायुक्त म्हणून सुप्रीम कोर्टाचे किंवा हायकोर्टाचे माजी न्यायाधीश नेमले जातात. खरा अडसर पुढे आहे आणि मेसेजला त्याचा पत्ताच नाही : खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. कायद्याने ती तीन महिन्यांत द्यायची, फार तर आणखी एक महिना. फायली तरीही पडून राहतात. आपण आरडाओरडा करायचा असेल तर त्यासाठी करू या.

तक्रारदार फिरला की केस संपते, हा तर जुना समज. नीरज दत्ता प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी सांगितलं की तक्रारदार फिरला, मेला किंवा हजर राहू शकला नाही, तरी इतर साक्षीदारांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतो. सिद्ध करावा मात्र लागतोच, म्हणून तो रेकॉर्डर, ते पंच, ती गुलाबी बाटली.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘मग मेहुण्याचं नामांतरण झालं का?’ झालं. सात आठवडे जास्त लागले.