पाईपला मुतखडा झाला होता सर, १ स्टारचं उत्तर

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की आम्ही हार्डवेअरच्या दुकानातलं ५० रुपयाचं ऍसिड ओतून ३ युरिनलचे १८०० घेतले, वासाने तुमचा वेटर खोकून खोकून हैराण झाला, मार्बलचं पार्टिशन खराब झालं आणि आठ दिवसात मधलं युरिनल परत चोकअप. ४ मुद्दे आहेत, त्यातले दोन (एक पूर्ण आणि दोन अर्धे) आमच्या अंगावर येतात ते मी घेतो, बाकीचं इथेच लिहितो कारण तुम्ही पण इथेच लिहिलंय आणि बाकीचे लोक वाचतायत.

आधी वेटरचं, कारण ते सगळ्यात सिरियस आहे. त्या दिवशी आमच्या पोराने सोल्युशन ओतलं, ते पाऊण तास मुरू द्यावं लागतं, आणि तेवढ्यात तो खाली चहाला गेला. दारावर पट्टी लावली नाही, कुणाला सांगितलं नाही. मग तुमचे सकाळचे साफसफाईवाले मामा आले, त्यांनी रोजच्यासारखं कॅनमधलं ब्लीच तिन्ही युरिनलमध्ये ओतलं. ऍसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन गॅस सुटतो, घसा आणि डोळे जाळतो तो हाच. आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो, तुमचा एक्झॉस्ट फॅन वर छताजवळ, तो पण बंद होता. मामांची यात काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चूक आमची. पोराला जे बोलायचं ते बोललोय, वेटरच्या डॉक्टरचं बिल पाठवा, मी देतो. आता आमच्याकडे नियम केलाय, ओतल्यावर माणूस दारातून हलणार नाही, चहा गेला उडत.

आता ५० रुपयाच्या ऍसिडबद्दल. ते आम्ही वापरत नाही सर. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऍसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नाव लिहून द्यायचं असतं, तरी कुठे कुठे बिनलेबलच्या बाटलीत मिळतं ते वेगळं. ते असतं हायड्रोक्लोरिक, बाटली उघडली की धूर येतो, नळाचं क्रोमियम काळं पडतं, स्टीलच्या जाळीला पण खातं. आम्ही आणलं होतं सल्फॅमिक ऍसिड, साखरेसारखी पावडर असते, कोमट पाण्यात विरघळवून टाकायची, धूर नाही, काम थोडं हळू होतं पण फिटिंग वाचतात. ब्लीचबरोबर मात्र ते पण तेवढंच वाईट, हे वर झालंच.

आणि ऍसिडच का, तर तुमच्या पाईपात जे होतं ती घाण नव्हती, दगड होता. लघवीत युरिया असतो, पाईपातले जंतू त्याचा अमोनिया करतात (तो डोळ्यात पाणी आणणारा वास तोच), मग ते पाणी अल्कली बाजूला जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट मिळून पाईपाला आतून पिवळट दगडासारखं चिकटतं. माणसाला मुतखडे होतात ना, त्यातला एक प्रकार अगदी अशाच पद्धतीने बनतो, म्हणून मी गिऱ्हाईकांना सांगतो की पाईपला मुतखडा झालाय, मग लगेच कळतं. तुमच्याकडे पाणी बोअरचं, त्यात आधीच क्षार, आणि वर टँकर वाचवायला कुणीतरी पुश कॉक जवळजवळ बंद करून ठेवलेले, म्हणजे एकेकाच्या वाट्याला फ्लशचं पाणी ग्लासभर. शनिवारी रात्री परमिट रूम फुल असताना त्या तीन युरिनलवर किती लोड येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आम्ही यायच्या आधी तुमच्याकडे दोन महिने ड्रेन क्लीनरची पावडर टाकत होते, हे आम्हाला काम झाल्यावर कळलं. ती पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. किचनच्या सिंकला चांगली, तूप तेल कापते, बाथरूमला केस विरघळवते, पण या दगडाला तिने काही होत नाही, उलट अमोनियाचा भपका अजून वाढतो. आणि पाणी कमी पडलं तर तीच ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या पाईपात, गोळा होऊन सिमेंटसारखी बसते. आमच्या पोराने ओतायच्या आधी विचारायला पाहिजे होतं की आधी काय काय टाकलंय, कारण साठलेल्या कॉस्टिकवर ऍसिड पडलं तर एकदम तापतं आणि तोंडावर उडू शकतं. नशीब तसं काही झालं नाही. पण नशिबावर धंदा चालवायचा नसतो हे मला कळतं.

मार्बल. सर, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाईपातल्या त्या थरात पण थोडंफार तेच असतं, ऍसिडला काय माहीत कुठला दगड काढायचा आणि कुठला तुमचा. मधल्या पार्टिशनवर खाली जो हाताएवढा मळकट पट्टा दिसतो तो आमच्याच शिंतोड्यांचा आहे, प्लास्टिक लावून झाकायला पाहिजे होतं. पॉलिशवाला मी पाठवतो. पण वर खांद्याच्या उंचीपर्यंत जे ओघळ आहेत ते आमचे नाहीत, काम चालू करायच्या आधीच्या फोटोत दिसतायत, तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकलेत. निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर कापडाला लावून मार्बल पुसत असतील तर ते थांबवा, त्यात पण बहुतेक हायड्रोक्लोरिकच असतं.

राहिलं आठ दिवसातलं चोकअप. त्यावर मात्र मी ऐकून घेणार नाही. तुमचा फोन आल्यावर मी स्वतः आलो, फुकट आलो, मधल्या युरिनलचा ट्रॅप खोलला तर आतून निघाल्या दोन अख्ख्या डांबरगोळ्या, सिगारेटची थोटकं, सुपारी आणि गुटख्याची एक पुडी घडी करून बसलेली. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे पण ट्रॅपला कुणी कळवलेलं दिसत नाही. सर, प्लास्टिकची पुडी कुठल्याच ऍसिडने जात नाही, ती हातानेच काढावी लागते. जाळी कुठे गेली विचारलं तर तुमच्या पोरांनी सांगितलं की पाणी हळू जात होतं म्हणून काढून ठेवली. आणि त्या डांबरगोळ्या साफ करत नाहीत काही, नुसता वास झाकतात, बारीक झाल्या की जाळीतून खाली घसरतात.

अजून एक गोष्ट, हा तो उरलेला अर्धा. भिंतीतली आडवी लाईन दीड इंची आहे, तिच्यात आता बोटाएवढीच वाट राहिलीय. ऍसिड ज्या पृष्ठभागाला लागतं तेवढंच खातं, इतका जाड थर दोन मुरवण्यात जात नाही, आणि सारखं सारखं ओतत राहिलं तर थर जायच्या आधी सांध्यातलं सिमेंट जायचं. मी फोनवर बोललो होतो की तेवढा तुकडा बदलावा लागेल, तुम्ही म्हणालात आत्ता केमिकल मारून बघू. बरोबर, पण मी ते बिलावर लिहून दिलं नाही, दिलं असतं तर आज हा वादच झाला नसता. मधल्या युरिनलचे ६०० परत करतो, बाकी दोन व्यवस्थित चालू आहेत त्याचे नाही.

लाईनचा तुकडा बदलायचा असेल तर एक टाईल फुटेल, सकाळी ७ ला चालू केलं तर तुमची गर्दी व्हायच्या आत होतं. नसेल बदलायचा तर स्प्रिंग मशीन (पाईपात फिरवायची लांब स्प्रिंग) मारून वाट मोठी करू, वर्षभर तरी निघेल, त्याच्या पुढची गॅरंटी मी देणार नाही. पुश कॉक पूर्ण उघडा, तिन्ही जाळ्या परत बसवा. मंगळवार किंवा बुधवार चालेल का ते कळवा, आणि एवढंच करा, आदल्या रात्रीपासून त्या युरिनलमध्ये कुणाला काही ओतू देऊ नका, पावडर नाही, ब्लीच नाही, फिनाईल पण नाही, फक्त पाणी. मामांना मी स्वतः फोन करून सांगतो.