डुब्रॉव्हनिकला समुद्राकडून जा

क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकला जाणार असाल तर माझं एक ऐका. जवळच्या त्साव्तात गावाहून लहान लाँचने जा. पाऊण तास लागतो. बस लवकर पोचवते हे ठाऊक आहे, तरीही लाँचनेच जा.

आमची लाँच निघाली आणि थोड्याच वेळात डावीकडे दोन-तीन उजाड, खडकाळ बेटं दिसली. त्यातलं एक म्रकान. लाँचवर कुणी तिकडे फारसं पाहिलं नाही. माझी नजर मात्र हलेना. 1377 साली या शहराच्या (तेव्हाचं नाव रागुझा) परिषदेने ठराव केला होता की, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर म्रकानवर किंवा त्साव्तातमध्ये राहायचं, मगच शहरात पाऊल ठेवायचं. 2020 मध्ये आपल्या घराघरांत शिरलेल्या क्वारंटाइनचा हा सर्वांत जुन्या लेखी नियमांपैकी एक. ‘क्वारंटाइन’ हा शब्द नंतर व्हेनिसमधल्या चाळीस दिवसांच्या मुक्कामावरून रूढ झाला (तिथल्या भाषेत चाळीस म्हणजे ‘क्वारांता’).

मला या ठरावाचं फार अप्रूप आहे. रोगजंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शहराचं पोट व्यापारावर, म्हणजे जहाजं परत पाठवणं परवडणारं नव्हतं आणि माणसं मरू देणंही नाही. त्यांनी दार बंद केलं नाही, येणाऱ्याला थांबायला सांगितलं. साडेसहाशे वर्षांपूर्वी इतका शहाणा निर्णय!

पुढे लोक्रूम बेट मागे पडतं आणि तटबंदी अंगावर येते. सगळी मिळून 1,940 मीटर. जमिनीकडून ती काही ठिकाणी सहा मीटर जाड आहे, समुद्राकडून त्याहून बरीच कमी. बंदरात शिरण्याआधी उजवीकडे लाझारेतीच्या दगडी इमारतींची रांग लागते. पुढच्या काळात बाहेरून आलेली माणसं आणि माल इथे थांबवत. डावीकडे सेंट जॉनचा किल्ला, समोर लाटा अडवणारा काशेचा बांध. आधी बेट, मग लाझारेती, मग बुरूज आणि शेवटी धक्का. जुन्या खलाशाला शहर ज्या क्रमाने भेटायचं, त्याच क्रमाने आपल्यालाही भेटतं.

आता मनात सलणारी गोष्ट. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक ग्रूझ बंदरात लागतात. तिथून माणसं बसने जुन्या शहराच्या जमिनीकडच्या पिले दरवाजाशी उतरतात, गर्दीतून स्त्रादुनच्या रस्त्यावर एक फेरी मारतात आणि परत जहाजावर. समुद्रातून येऊनही समुद्राकडचं शहर त्यांना दिसतच नाही. ज्या गावाने परक्याकडे महिना मागितला, त्याला आपण तीन-चार तास देतो. एका वेळी दोनच मोठी जहाजं आणि 4,000 प्रवासी, ही मर्यादा 2019 मध्ये आली, ती मला पूर्ण पटते. तटाच्या आत राहणारी कुटुंबं कमी होत चालली आहेत. उद्या तिथे नुसती दुकानं उरली तर आपण पाहणार तरी काय?

एक रात्र तरी राहा. सकाळी लवकर तटावर चढलात तर छपरांवर दोन रंगांची कौलं दिसतील, जुनी फिकट आणि नवी लालभडक. 1991-92 च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर इतकी छपरं नव्याने शाकारावी लागली.

आम्ही संध्याकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्पोरेलाच्या धक्क्यावर बसलो होतो. पोरं पाण्यात उड्या मारत होती, त्यांच्या आया वरून हाका मारत होत्या. त्साव्तातची शेवटची लाँच आमच्यासमोरून निघून गेली.