कुठल्या पानावर सोडलंस?

"मस्त आहे, काकू." आमच्या पार्किंगमधल्या ट्रंकेतून, म्हणजे माझ्या छोट्या वाचनालयातून, नेलेलं पुस्तक परत करताना दहातली नऊ पोरं एवढंच म्हणतात. काही वेळा पुस्तक उघडलेलंसुद्धा नसतं. मोठ्यांना काय ऐकायला आवडतं ते मुलांना तिसरी-चौथीतच कळलेलं असतं. शिवाय शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, बाजूला क्रिकेट रंगात आलेलं असताना, पुस्तकावर चर्चा करायला कोण थांबणार?

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी 'आवडलं का' हा प्रश्नच बंद केला. त्याऐवजी दोनशे पानी वही ठेवली. त्यात पुस्तकाचं नाव, मुलाचं नाव आणि एकच रकाना: 'कुठल्या पानावर सोडलं?' संपवलं असेल तर 'शेवट'. सोडलं म्हणून कुणी रागवत नाही, हे पटायला त्यांना दोन महिने लागले. त्यानंतर जे आकडे यायला लागले, त्यांनी बालपुस्तकांच्या माझ्या जुन्या परीक्षणांची पार वाट लावली. ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: सासूबाईंची लोखंडी ट्रंक, तिच्यात तीनेकशे पुस्तकं, नाशिकमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, दर शनिवारी तासभर. बँकेतल्या नोकरीनंतर उरणाऱ्या वेळात जमतं तेवढंच. आणि अधूनमधून इथे फेसबुकवर नव्या बालपुस्तकांबद्दल लिहिणं.

माझ्या २०१९च्या एका पोस्टखाली बऱ्याच जणांनी 'लगेच मागवलं' असं लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव आता सांगत नाही, लेखकाचा काही दोष नाही, माझा आहे. आजोबा, नातवंडं, गावची नदी अशी गोष्ट. मी लिहिलं होतं, "पर्यावरणाची जाणीव हसतखेळत रुजवणारं, प्रत्येक घरी असायलाच हवं असं संग्राह्य पुस्तक." वही सुरू झाल्यावर वर्षभरात ते सहा मुलांनी नेलं. पाच जणांच्या नावापुढे एकच आकडा: १८. सहाव्याने १९ लिहिलं होतं. तो जरा सोशिक आहे.

मी पान १८ उघडलं. नदीकाठी मुलांना काहीतरी सापडलेलं असतं, अंधारून येतंय, आणि नेमके तिथे आजोबा खाकरतात. "बाळांनो, पूर्वी ही नदी कशी होती ठाऊक आहे का?" तिथून दीड पान आजोबाच बोलतात. सापडलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते ती पान २०पर्यंत. हे दीड पान मीही वाचलं होतं की! मला ते खटकलं नव्हतं, कारण मी आजोबांच्या बाजूची आहे. परीक्षण लिहिताना मला दिसत होता विषय. मुलांना दिसत होती ती वस्तू.

मराठीतली बालपुस्तकांची बहुतेक परीक्षणं अशीच होतात, आणि ती लिहिणाऱ्यांत मीही होते म्हणून जरा जोरात बोलते. आधी लेखकाचा परिचय, मग मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून, मग 'बालमनावर संस्कार', 'मुखपृष्ठ आकर्षक', 'बालवाचक नक्कीच स्वागत करतील'. मूल कुठेच नाही. पुस्तकाची बांधणी सुटते का, अक्षर केवढं आहे, मोठ्याने वाचताना जीभ अडखळते का, हेही नाही. भाजीवालीसुद्धा वांगं हातात घेऊन देठ बघू देते. आपण पुस्तकाचं एक वाक्यही वाचून दाखवत नाही.

चित्रपुस्तकांचे तर याहून हाल. 'चित्रे सुरेख' म्हणून एका वाक्यात विषय संपतो. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं बघा, लेखन त्यांचं आणि चित्रंही त्यांचीच. 'राधाचं घर' या संचातलं एखादं पुस्तक चार वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा आणि त्याचं बोट कुठे जातं तेवढं बघा. तुम्ही वाक्य वाचत असता आणि बोट चित्राच्या कोपऱ्यात कुठेतरी हिंडत असतं. पान उलटायला गेलात तर तुमचा हात धरला जातो. असा हात धरला गेला हे माझ्या लेखी परीक्षण. अक्षर न येणाऱ्या माणसाने केलेलं.

वहीतून कळलेली आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुस्तकावर छापलेला वयोगट आमच्या पार्किंगमध्ये चालत नाही. आमच्याकडची बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमाची. सातवीतल्या मुलाचं डोकं बारा वर्षांचं आहे, त्याला खून, गुप्त खोली, दगाबाज मित्र हवाय. पण मराठी वाचताना त्याची गाडी दुसरीतल्या मुलाच्या वेगाने जाते. 'उद्ध्वस्त' आला की थांबला, 'वैशिष्ट्यपूर्ण' आला की पुस्तक मिटलं. मग पालक त्याला सोपं म्हणून कावळा-चिमणीचं मोठ्या टायपातलं पुस्तक देतात. त्याचा अपमान होतो, आणि तो पुन्हा मराठी पुस्तकाला हात लावत नाही. उलट आमच्या वॉचमनकाकांची मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. ती पुस्तक शनिवारी नेते आणि रविवारी सकाळी माझी बेल वाजवते.

या दोघांना एकच 'वयोगट १० ते १२' कसा पुरणार? परीक्षणात दोन गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात: गोष्ट कुठल्या वयाच्या डोक्याची आहे, आणि वाचायला किती सराव लागतो. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीवर' या वेबसाइटवर २०१५पासून हे आहेच. तिथे गोष्टींना १ ते ४ अशी वाचनपातळी दिलेली असते. गोष्टी फुकट वाचता येतात, छापून घेता येतात, मराठीतल्याही पुष्कळ आहेत. ज्यांना 'बजेट नाही' त्यांनी तिथून सुरुवात करावी.

अनुवादित चित्रपुस्तकांबद्दल मात्र माझा नियम कडक झालाय. दोन पानं मोठ्याने वाचल्याशिवाय घेत नाही. "मला तुझा खूप अभिमान आहे, छोट्या ससुल्या" असं मराठीत कुठली आई बोलते? आमच्याकडची एक चौथीतली मुलगी अशा पुस्तकाबद्दल म्हणाली होती, "यातले सगळे शाळेच्या माइकवर बोलल्यासारखं बोलतात." एवढं नेमकं परीक्षण मला आजवर जमलेलं नाही.

आता नवी पुस्तकं सापडतात कुठे, हे मला इनबॉक्समध्ये सतत विचारलं जातं. दुकानात कमी सापडतात, हे कडू सत्य. मराठी बालविभाग म्हणून जे कपाट असतं त्यात पंचतंत्र, बिरबल, तेनालीराम आणि थोरांची चरित्रं यांचीच गर्दी. ती पुस्तकं वाईट नाहीत, पण दर वर्षी नव्या कव्हरात तीच येतात, आणि नव्या लेखकाचं पुस्तक त्यांच्यामागे उभं आडवं कोंबलेलं असतं. पुरस्कारांवरही फार विसंबू नका. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१०पासून आहे, चांगलंच आहे. पण वर्षाला भाषेमागे एकच नाव, आणि तेही दर वेळी नव्या पुस्तकासाठी असतं असं नाही. २०१४मध्ये पुरंदऱ्यांना मिळाला तो एकूण योगदानासाठी होता. योग्यच होता, पण त्या वर्षीचं नवं काय घ्यावं ते त्यातून कळत नाही.

मला लेखक सापडतात ते मासिकांत. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय आणि जुने अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट वाचता येतात. एखाद्या गोष्टीवर मूल थांबलं की मी लेखकाचं नाव टिपते आणि मग त्याचं पुस्तक शोधते. मुलांच्या दिवाळी अंकांचंही तेच. तिसरा मार्ग म्हणजे प्रकाशकाला सरळ फोन. मराठी प्रकाशक फोन उचलतात हो, आणि गप्पाही मारतात! "नऊ वर्षांच्या, वाचायचा कंटाळा असलेल्या मुलासाठी तुमच्याकडचं काय?" असं विचारलं की बाई किंवा बुवा क्षणभर गप्प होतात आणि मग खरं बोलतात.

आणि स्टॉल. डिसेंबर २०२१मध्ये ९४वं साहित्य संमेलन आमच्या नाशकात झालं, डॉ. जयंत नारळीकर अध्यक्ष होते. भाषणं मी एकही धड ऐकली नाहीत, तीन दिवस ग्रंथप्रदर्शनात उकिडवी बसले होते. तिथे एक पद्धत सापडली. पहिलं पान बघायचंच नाही, ते सगळेच लेखक घासूनपुसून ठेवतात. मधलं पान उघडायचं आणि दोन मुलांमधला संवाद शोधायचा. संवाद सापडला नाही तर पुस्तक खाली. सापडला आणि त्यातलं मूल 'होय बाबा, आता मी कधीच खोटं बोलणार नाही' असं म्हणत असेल तरी खाली. मग शिलाई बघायची. ट्रंकेत राहायचं तर मधोमध पिना मारलेलं पुस्तक चार मुलांत सुटतं, आणि चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडून बघितल्याशिवाय भरवसा नाही.

किमतीवरून वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगते की रंगीत चित्रपुस्तकाची मराठी आवृत्ती हजार-दोन हजार प्रतींची निघते. चित्रकाराचं मानधन, चार रंगांची छपाई, चांगला कागद, सगळं तेवढ्याच प्रतींत वाटायचं. "सोळा पानांचे एवढे?" हा प्रश्न मला दर शनिवारी येतो. मी म्हणते, एकदाच घ्या आणि सोसायटीत फिरवा.

आता दुखरा भाग. तेरा ते सोळा.

माझ्या वहीत या वयाची पानं जवळजवळ कोरी आहेत. आठवीतल्या एका मुलाने एक पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं. मला वाटलं, वा, काय काळजी! नंतर कळलं की मुखपृष्ठावर 'बालकुमारांसाठी' असं छापलं होतं, आणि लिफ्टमध्ये मित्र भेटतात. प्रकाशकांनो, ज्याच्यासाठी पुस्तक काढता त्यालाच ते लपवावं लागतंय. इंग्रजीत या वयाचं वेगळं कपाट आहे, आपल्याकडे फक्त वेगळं लेबल.

आम्ही या वयात फास्टर फेणेवर जगलो. सावानातून, म्हणजे आमच्या १८४०पासूनच्या सार्वजनिक वाचनालयातून, भा. रा. भागवतांची पुस्तकं आणून मी उशीखाली ठेवायचे. फुरसुंगीचा बनेश, सायकल, ते 'ट्टॉक्'! माझ्या मुलाला मोठ्या प्रेमाने दिलं. वहीत त्याने लिहिलं: ९. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "याने पोलिसांना फोन केला की गोष्टच संपते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक आजही मला तितकंच प्रिय आहे, पण 'आम्ही वाचलं म्हणून तुम्हीही वाचा' हे परीक्षण होत नाही. त्याच्या वयाच्या मुलाच्या खिशात फोन असताना घडणारी, तरीही श्वास रोखायला लावणारी मराठी गोष्ट मी दोन वर्षं शोधतेय.

गंमत म्हणजे या वयाला जे लागू पडलं, ते मुलांच्या कपाटात नव्हतंच. माझ्या भाचीने, वय वर्षं चौदा, प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' संपवला आणि लगेच 'शारदा संगीत' मागितलं. त्यांचा नायक लंपन लहान मुलगा आहे, पण ती पुस्तकं मोठ्यांच्या विभागात लागतात. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे तुझ्या वयाचं आहे किंवा नाही. टीव्हीवर काही नव्हतं, पाऊस होता, पुस्तक टेबलावर होतं. तिच्या नावापुढे वहीत 'शेवट' आहे आणि त्याखाली तिने स्वतःहून दोन रेघा मारल्यात.

तर यापुढे इथे मी परीक्षण लिहीन तेव्हा वर चार गोष्टी असतील: किती मुलांनी नेलं, कितींनी संपवलं, सोडलं त्यांनी कुठल्या पानावर, आणि कुणी दुसऱ्यांदा नेलं का. माझं मत त्याखाली, ज्यांना हवं त्यांनी वाचावं. जुन्या पोस्टी काढत नाही. २०१९च्या त्या पोस्टखाली मात्र '१८, १८, १८, १८, १८, १९' एवढं लिहून ठेवलंय. एका ताईंनी लगेच विचारलं, कसले नंबर, लॉटरीचे का?

मला आता तुमच्याकडून एकच हवंय. तुमच्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराने किंवा पोरीने गेल्या वर्षभरात शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं मराठी पुस्तक कुठलं? तुम्हाला आवडलेलं सांगू नका, तुमच्या लहानपणीचंही नको. आत्ता उठून त्यांच्या खोलीत जा, विचारा, आणि जे नाव येईल ते खाली लिहा. दार वाजवून जा.